मधल्या फळीवरचा फॉस्फरस

हिवाळ्यातल्या सकाळी कोयना धरणाच्या फुगवट्यावर पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, याचा पत्ता कुणालाच लागत नाही. धुकं काठावर येऊन बसलेलं असतं. त्यातून धनावड्यांची लाँच निघाली, की ती चालली आहे की उभी आहे हे फक्त नाकाला कळतं, कारण गारवा नाकाच्या शेंड्याला येऊन टेकतो. आवाज कसलाच नाही. कापसाच्या ढिगातून कुणी सुई ओढत न्यावी तशी ती लाँच.

पुढे सुकाणूवर आबा, म्हणजे रेवाचे वडील. मागे वड्यांच्या पेटीपाशी बापूकाका, त्यांचा धाकटा भाऊ. आणि दोघांच्या बरोबर मध्ये, आडव्या फळीवर, दप्तर मांडीवर घेऊन रेवा. पलीकडच्या काठावरच्या शाळेत ती दहावीला होती, पण तिचा खरा हुद्दा या फळीवरचा होता.

"मागच्याला सांग," आबा धुक्यावरची नजर न काढता म्हणाले, "झोपला असशील तर उठ, आणि ऊब वाढव."

रेवा मागे वळली. "बापूकाका, आबा म्हणतायत, सवड झाली की जरा ऊब वाढवतोस का?"

"पुढच्यांना सांग, मला डोळे आहेत. त्यांच्या आधी वाढवलीय."

रेवा पुढे वळली. "आबा, काका म्हणतो वाढवलीच आहे, काळजी नको."

दुधाची किटली घेऊन रोज बसणाऱ्या गोदाक्कांनी पदरात तोंड लपवलं. त्या मध्येच बसत, म्हणून त्यांना दोन्ही टोकांचं ऐकू येई. फुकटचा तमाशा, वर तिकिटात धरलेला.

हा अबोला कसा पडला ते सांगायचं तर आधी वडी सांगायला हवी.

पूर्वी या लाँचला डिझेलचं इंजिन होतं. बापूकाकाची मिसरूडही फुटली नव्हती तेव्हापासून तो त्या इंजिनाच्या उशाशी होता. त्याच्या धकधकीवरून त्याला सगळं कळे, आणि पुढे बसलेल्या आबांनाही कळे. इंजिन दमलं, की दोघेही न बोलता एकदम हात हलवत. मग मुजावर मॅडम आल्या. डॉक्टर निलोफर मुजावर, साताऱ्याच्याच, पुण्यात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या. त्यांनी काठावर सौरपट्ट्या मांडल्या, तळ्याच्या पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढला आणि तो साठवायला सच्छिद्र मातीच्या वड्या आणल्या. वडी म्हणजे बोटभर जाडीची, बर्फीसारखी कापलेली. रिकामी असताना जांभळी, हायड्रोजन पोटभर प्यायली की मधासारखी पिवळी. लाँचवर तिला नुसती ऊब दिली, की ती प्यायलेला हायड्रोजन हळूहळू सोडते, त्यावर वीज तयार करणारा इंधनघट चालतो आणि इंधनघटावर मोटर. धूर नाही, वास नाही, पाण्यावर तेलाची साय नाही.

बापूकाका सासुरवाडीला लग्नाला गेला होता तेव्हा आबांनी हे सगळं कबूल केलं आणि इंजिन विकून टाकलं. काका परतला, रिकाम्या जागेकडे बघत राहिला, आणि "मला विचारायचं तरी," एवढं म्हणून गप्प झाला. तो गप्प झाला तो झालाच. लाँच दोघांची, काम सोडून जाणार कुठे? म्हणून काका वड्यांच्या पेटीपाशी बसू लागला. आधी रागानं, मग सवयीनं, आणि मग, कबूल करत नसला तरी, प्रेमानं.

गंमत अशी, की इंजिन होतं तेव्हा बोलायची गरजच नव्हती. ते दोघांच्या वतीनं बोलत होतं. आता मोटर मुकी आणि भाऊही मुके. आणि वडी म्हणजे काही दिव्याचं बटण नाही. ऊब दिल्यावर ती सावकाश जागी होते, सावकाश निजते. पुढे बुडालेल्या झाडांचे शेंडे आले, की पुढच्यानं मागच्याला आधीच सांगावं लागतं. सुकाणूपाशी बसवलेल्या पडद्यावर काठ दिसतो, पण ते शेंडे दिसत नाहीत, कारण पाणी रोज थोडं उतरतं आणि रोज नवी झाडं डोकं वर काढतात. मॅडमनी आपोआप चालणारी कळ बसवून पाहिली होती. ती घाई करायची, आणि घाई केली की वड्या रुसत.

हो, रुसतच. त्या ना जांभळ्या राहत ना पिवळ्या. शेवाळासारख्या हिरवट होऊन बसत आणि काही केल्या हायड्रोजन घेत नसत. 'रुसलेल्या वड्या' हा शब्द बापूकाकाचा. मॅडमनी तो आपल्या इंग्रजी अहवालातही तसाच घातला होता, याचा काकाला आतून फार अभिमान होता.

मधल्या माणसाचं काम आधी आईकडे आलं होतं. आई म्हणाली, "मी तुमच्या घरची सून आहे, तुमची पोस्टमन नाही." मग ते रेवाकडे आलं. तेव्हा ती इतकी लहान होती की फळीवर बसल्यावर पाय खाली पोचत नसत. आता पाय पोचत होते, आवाज खणखणीत झाला होता, आणि शाळेत विज्ञानाच्या तासाला ती हात वर करायची ती उत्तर येतंय का याचा विचार न करताच. उत्तर तोंड उघडल्यावर यायचं. बहुतेकदा बरोबरही यायचं.

*

शनिवारी दुपारी, धुकं विरून तळं आरशासारखं झालं होतं तेव्हा, मुजावर मॅडम काठावरच्या शेडमध्ये रुसलेल्या वड्या निवडत होत्या. रेवा शेजारी.

"मॅडम, आत नक्की काय रुसतं?"

मॅडमनी हात पुसले. "तुझे दोन्ही हात पुढे कर. मुठी वळ. हे वडीच्या मातीत बसवलेले दोन धातूंचे अणू. एक लोखंड, एक कोबाल्ट. तिसराही आहे, त्रिकोण आहे खरं तर, पण तो राहू दे." त्यांनी रेवाच्या दोन्ही मनगटांवर आपलं एकेक बोट ठेवलं. "आणि मी फॉस्फरस. एक पाय या धातूवर, एक त्यावर. हायड्रोजन नसतो तेव्हा या दोन मुठी एकमेकींना चिकटलेल्या असतात. तेव्हा वडी जांभळी."

रेवानं मुठी चिकटवल्या.

"आता हायड्रोजन आला. त्याला बसायला जागा हवी. म्हणून हे दोन धातू आपलं बंधन तोडतात आणि बाजूला होतात. हो बाजूला. साध्या धातूंच्या गोळ्यात असं झालं असतं तर हे दोघे दोन दिशांना निघून गेले असते आणि सगळं विखुरलं असतं. पण फॉस्फरस दोघांनाही धरून आहे. कर्कटकासारखा तो पाय फाकवतो, पण सोडत नाही. हायड्रोजन गेला, की ते परत जवळ येतात. रोज तुटायचं आणि रोज जुळायचं. या सगळ्या जादूचं नाव फॉस्फरस."

रेवाचे डोळे चमकले. "म्हणजे मी."

"काय तू?"

"फळीवर. आबा लोखंड, काका कोबाल्ट. मी फॉस्फरस."

मॅडम इतक्या हसल्या की मांडीवरची वडी खाली पडली. "बरं, फॉस्फरसबाई. पण पुढचं ऐका. कधी कधी फॉस्फरस नुसता पूल म्हणून राहत नाही. जाता येता एखादा हायड्रोजन तो स्वतःकडेच ठेवून घेतो. आणि तो ठेवला, की त्याचा एका धातूवरचा पाय सुटतो. तो एकाच्याच गळ्यात पडून राहतो. तीच ही रुसलेली वडी."

"मग ते दोघे विखुरतात?"

"जोरात ऊब दिली तर विखुरतात, काळी राख. पण तशाच राहू दिल्या तर काही काही वड्यांत मला वेगळंच दिसलंय. मधला हटल्यावर ते दोघे एकमेकांना थेट धरतात. पूर्वीपेक्षा घट्ट. का आणि कधी, ते अजून कळलेलं नाही." त्यांनी पडलेली वडी उचलून डब्यात टाकली. "त्यासाठी मला माणसं हवीत. आमच्या प्रयोगशाळेची पुण्यात निवासी शाळा आहे, अकरावी-बारावीची. तू दिलेली प्रवेशपरीक्षा त्यांना आवडलीय. जूनपासून. पण होय की नाही ते मला सोमवारी कळवायचंय. सोमवारी मी याच लाँचनं परत जातेय."

रेवाच्या पोटात एकदम सगळे दिवे लागले. आणि दुसऱ्याच क्षणी एकेक करून विझले.

"मला नाही जमणार मॅडम. लाँच बंद पडेल."

*

घरी जेवताना तिनं ते सांगितलं. आबा ओट्याशी बसले होते, काका दाराशी. दोघांच्या ताटांत तीच भाकरी, तीच घेवड्याची भाजी.

"मागच्याला सांग," आबा म्हणाले, "पोरगी जाणार."

"पुढच्यांना सांग, मी कधी नको म्हटलं?"

"मग लाँचवर बोलणार कोण?" रेवानं विचारलं.

"मी बघतो," आबा म्हणाले.

"मी बघतो," काका म्हणाला.

आईनं दोघांच्या ताटात भाजी वाढली, जरा जोरातच. "बघा, बघा. दोघांनी दोन दिशांना बघा आणि लाँच झाडावर घाला."

रेवाला रात्रभर शांत झोप लागली, कारण तिनं एक युक्ती काढली होती. इतकी साधी युक्ती आधी सुचली कशी नाही याचंच तिला नवल वाटत होतं. इतकी वर्षं ती निरोपांना साखर लावत आली होती. आता एक निरोप तिनं साखरेचाच करायचा. दोघं समेट करतील आणि ती मोकळी होईल.

रविवारी काका काठावर पेटी पुसत बसला होता. जांभळ्या वड्या उन्हात ओळीनं मांडलेल्या होत्या. रेवा त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"काका, आबांचा निरोप आहे."

"हं."

"म्हणाले, बापूला सांग, इंजिन विकलं ते माझं चुकलं."

काकाचं फडकं थांबलं. "काय म्हणाले?"

"चुकलं म्हणाले."

"त्याच्या आधी."

"बापूला सांग," रेवा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या कानशिलांपाशी काहीतरी गरम झालं.

काकानं फडकं खाली ठेवलं. कुठून तरी एक खंड्या आला, पाण्याला शिवला आणि गेला.

"ते मला मागचा म्हणतात, रेवा," तो अगदी हळू म्हणाला. "मी त्यांना पुढचे म्हणतो. तेव्हापासनं माझं नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. निघालं तर कसं वाटेल, ते तू आत्ता दाखवलंस मला. आणि लगेच काढूनही घेतलंस."

"काका, मी फक्त..."

त्यानं फडकं उचललं आणि वडी पुसायला लागला. रेवा बोलत राहिली, सॉरी म्हणाली, गळ्यातही पडून पाहिली. तो रागावला नव्हता, हात झिडकारला नाही, पण त्याच्याकडून एक अक्षर आलं नाही. अबोला काय असतो ते ती इतकी वर्षं मधून बघत होती. तो आपल्या बाजूनं कसा दिसतो, ते तिला त्या दिवशी कळलं. समोर माणूस बसलेला असतो आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर असतो.

*

सोमवारी धुकं कधी नव्हे इतकं दाट होतं. गोदाक्कांची किटली तेवढी दिसत होती, गोदाक्का नाहीत. मुजावर मॅडम रुसलेल्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रेवा मधल्या फळीवर. लाँच निघाली. पाणी तळाखालून कुजबुजत होतं, स्वप्नात कुणी शेजारच्या खोलीत बोलत असावं तसं.

"रात्रीत काय ठरवलंस?" मॅडमनी विचारलं.

"नाही येत," रेवा म्हणाली. आदल्या दिवसापासून तिचा खणखणीत आवाज कुठेतरी हरवला होता.

तेवढ्यात पुढून आबा म्हणाले, "मागच्याला सांग, ऊब उतरव. झाडं आली."

"काका, ऊब उतरव, झाडं आली."

मागून काही नाही.

"सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग उतरवली का त्यानं?"

"काका, उतरवलीस का?"

धुकं होतं. धुक्यात काका होता. उत्तर नव्हतं. लाँच मंदावते आहे की तशीच जाते आहे, हे सांगायला इंजिनाची धकधक आता नव्हती.

"अरं बापू," गोदाक्का किटलीमागून म्हणाल्या, "बोल की लेका. पोरगी इचारतीय."

काही नाही.

आबांचा आवाज चढला. "रेवा, काय चाललंय? मला पुढं काही दिसत नाही. वेग किती, ते कळल्याशिवाय वळवू कसं?"

रेवाला वाटलं होतं, आपण नसलो तर ही लाँच बुडेल. आता ती होती आणि तरी लाँच बुडायच्या बेतात होती. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि उभी राहिली. तिनं निरोपाला या वेळी काहीच लावलं नाही.

"आबा, काका माझ्याशी बोलत नाही. मी काल त्याला खोटा निरोप दिला. इंजिन विकलं ते चुकलं, असं तुम्ही म्हणालात म्हणून सांगितलं. तुमच्या तोंडी त्याचं नाव घातलं. त्यानं ओळखलं. आता माझ्याकडून इकडचं तिकडे काहीच जात नाही. तुम्हीच सांगा."

मग तळाला काहीतरी खरवडलं. लांबच लांब, नखानं पत्रा ओढावा तसं. मॅडमनी डबा छातीशी धरला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"बापू," आबा म्हणाले.

फक्त तेवढंच. आवाज घोगरा होता. बरेच दिवस न उघडलेल्या कडीचा येतो तसा.

"बापू, ऊब?"

"मगाशीच उतरवलीय," मागून आलं, लगेच, जणू तोंडात तयारच होतं. "डावीकडं घे, दादा. शेंडा तुझ्या उजव्या अंगाला आहे. मला पाण्यावरनं कळतंय."

"किती घेऊ?"

"हातभर. आणखी थोडं. बास. आता सरळ."

धुक्यातून एक काळा शेंडा लाँचच्या बाजूनं सरकत गेला. त्यावर एक बगळा एका पायावर उभा होता. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं आणि कुणाचीच दखल घेतली नाही. मग दुसरा शेंडा. मग तिसरा. रेवाच्या डोक्यावरून शब्द इकडून तिकडे जात होते, लहानसे, कामापुरते. हातभर. बास. वाढव. वाढवली. तिला वळावं लागत नव्हतं. मान एकदम इतकी हलकी झाली की दुखायलाच लागली.

झाडं मागे पडली. पाणी मोकळं झालं.

"दादा," मागून आलं. "पोरगी म्हणाली ते तू म्हणाला नव्हतास."

"नव्हतो." आबा म्हणाले. "विकलं ते बरोबरच केलं. आजही करीन. तुला विचारलं नाही, ते चुकलं."

"मग हे बोलायला एवढी वर्षं का लागली?"

आबांनी सुकाणू जरा हलवलं. "बोलणारी होती ना मधे. सगळं पोचतंय असं वाटायचं."

रेवा खाली बसली. तिला वाटत होतं, आपण यांना एकत्र धरून ठेवलंय. ते खरंही होतं. पण बरोबर तेवढ्याच अंतरावर धरून ठेवलं होतं, जेवढ्यावर हातही पोचत नाही आणि हरवताही येत नाही. हे कळलं तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. आणि त्या हसण्यात, खरं सांगायचं तर, थोडी चोरी झाल्यासारखंही वाटत होतं. तिचा हुद्दा भर पाण्यात काढून घेतला गेला होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"सगळं कुठं पोचत होतं?" काका म्हणत होता. "ही साखर लावून द्यायची. मला ठाऊक होतं."

"तुलापण?"

"म्हणजे तुलापण?"

"गणपतीच्या आदल्या दिवशी," आबा म्हणाले, "मी म्हटलं होतं, मागचा आंधळा झालाय का."

"मला 'जरा जपून' असं आलं. आणि मी म्हटलं होतं, पुढच्यांना सुकाणू धरता येत नसेल तर शेतात जाऊन नांगर धरा म्हणावं."

"मला 'छान चाललीय' असं आलं," आबा म्हणाले आणि रागावले. "नांगर? मला नांगर धर म्हणालास?"

"त्या दिवशी तू लाँच काठाला घासली होतीस."

"घासली नव्हती. टेकली होती."

"घासली."

गोदाक्का आता पदर वगैरे न लावता हसत होत्या. मुजावर मॅडमनी रेवाकडे पाहिलं. धुक्यात कुठेतरी ऊन मुरायला लागलं होतं आणि सगळं तळं आतून उजळल्यासारखं झालं होतं.

"मॅडम, मी येते," रेवा म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, लाँचभर ऐकू जाईल अशा आवाजात, "आबा, काका, मी पुण्याला जातेय."

पुढून किंवा मागून कुणीच उत्तर दिलं नाही. दोघा भावांचं अजून काठापाशीच अडलं होतं, घासली की टेकली.